परवाना धोरणावर काउन्सिलला उत्तर लिहिताना: मसुद्यापासून ठरावापर्यंत

काउन्सिलनं दारू आणि करमणुकीच्या परवाना धोरणाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवला की इंग्लंडमधल्या आपल्या लोकांकडून दोन प्रकारची उत्तरं जातात. एक: ‘दारूनं घरं बुडतात, नवीन दुकानं नकोत.’ दुसरं: ‘आमच्या गणेशोत्सवात अडथळा येऊ नये.’ दोन्ही मनापासून लिहिलेली असतात, आणि दोन्हींपुढे अधिकारी एकच शेरा मारतात: नोंद घेतली, बदल नाही. माझं पहिलं उत्तर दीड पानांचं होतं, तीन संध्याकाळी खपून लिहिलेलं. अहवालात त्याच्या वाट्याला निम्मी ओळ आली: विषय धोरणाच्या कक्षेबाहेरचा. राग आला, पण कायदा उघडून पाहिल्यावर अधिकाऱ्याचं बरोबर निघालं.

खालचे टप्पे त्याच क्रमानं घ्या. बहुतेकांचं चुकतं ते उत्तर लिहायला थेट बसल्यामुळे. लिहिणं सहाव्या टप्प्यावर येतं.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे, जिथे २००३ चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट चालतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, २००५ चा, आणि उत्तर आयर्लंडचाही वेगळा. एडिनबराच्या मित्रानं पाठवलेला नमुना लेस्टरमध्ये वापरू नका. का, ते चौथ्या टप्प्यात येईल.

टप्पा १. समोरचा कागद कशाचा आहे, ते ठरवा

‘लायसन्सचं काहीतरी आलंय’ एवढ्यावर लोक लिहायला लागतात. हे ‘काहीतरी’ निदान तीन प्रकारचं असू शकतं.

पहिला प्रकार म्हणजे धोरण, म्हणजेच ‘स्टेटमेंट ऑफ लायसन्सिंग पॉलिसी’. काउन्सिलच्या संपूर्ण हद्दीत परवान्याचे अर्ज कसे हाताळायचे, हे त्यात असतं. पाच वर्षांतून किमान एकदा ते नव्यानं ठरवावं लागतं आणि त्याआधी लोकांचं म्हणणं घ्यावं लागतं. हा लेख याबद्दल आहे.

दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या जागेचा अर्ज. कोपऱ्यावरच्या दुकानाला दारू विकायची आहे, मग त्याच्या काचेवर फिकट निळा कागद लागतो आणि म्हणणं मांडायला २८ दिवस मिळतात. तिसरा प्रकार म्हणजे प्लॅनिंग: त्या इमारतीत रेस्टॉरंट चालवायचं की नाही, हा प्रश्न. त्याचा कायदा वेगळा आणि समितीही वेगळी. काही काउन्सिलं याच सुमारास जुगाराच्या धोरणावरही मतं मागवतात, तेही निराळं. त्याचा फेरा तीन वर्षांचा असतो.

धोरणाबरोबर कधीकधी आणखी एक दस्तऐवज येतो: ‘क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट असेसमेंट’. एका भागात परवानाधारक जागा इतक्या दाटल्या आहेत की आणखी एक दिली तरी त्रास वाढेल, असं काउन्सिलचं मत पुराव्यानिशी त्यात मांडलेलं असतं. एप्रिल २०१८ पासून त्याला कायद्यात स्वतंत्र स्थान आहे, आणि दर तीन वर्षांच्या आत ते मत अजून टिकतं का, हे लोकांना विचारून पाहावं लागतं. वेस्टमिन्स्टरचा वेस्ट एंड हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

*सावधान:* तुमची तक्रार एका ठरावीक पबबद्दल असेल, तर धोरणाच्या उत्तरात ती लिहून काहीही होत नाही. त्यासाठी त्या परवान्याचा फेरविचार मागण्याची, म्हणजे ‘रिव्ह्यू’ची, स्वतंत्र वाट आहे. त्या पबचा अनुभव धोरणाच्या उत्तरात पुरावा म्हणून येऊ शकतो. मागणी म्हणून येऊ शकत नाही.

टप्पा २. कोणती काउन्सिल आणि किती दिवस

लंडनच्या बरोंमध्ये, लेस्टर किंवा स्लाऊसारख्या ठिकाणी प्रश्न नाही, तिथे एकच काउन्सिल आहे. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पातळ्या आहेत तिथे परवान्यांचं काम डिस्ट्रिक्टकडे असतं. वॉटफर्डमध्ये राहत असाल तर वॉटफर्ड बरो काउन्सिल, हर्टफर्डशर काउंटी काउन्सिल नव्हे. पॅरिश काउन्सिल (गावपातळीवरची काउन्सिल) परवाना देत नाही, पण धोरणावर मत मात्र पाठवू शकते. तुमच्या गावात ती असेल तर तिच्या सभेत हा विषय काढायला लावणं शहाणपणाचं.

मुदत किती असावी, हे कायद्यानं आठवड्यांत सांगितलेलं नाही. साधारण सहा ते बारा आठवडे दिसतात. घाई करायची ती इथे, कारण पुढच्या एका गोष्टीला चार आठवडे लागतात: माहिती अधिकाराचा अर्ज. इथला कायदा २००० चा, सगळे त्याला एफओआय म्हणतात. काउन्सिलला उत्तर द्यायला २० कामकाजाचे दिवस मिळतात. मुदत सहा आठवड्यांची असेल आणि तुम्ही अर्ज तिसऱ्या आठवड्यात टाकलात, तर उत्तर येईल तेव्हा खिडकी बंद झालेली असेल.

म्हणून पहिल्या आठवड्यातच मसुदा उतरवून घ्या, जुनं धोरण उतरवून घ्या (नवं आलं की ते संकेतस्थळावरून गायब होतं) आणि एफओआय टाका. त्यात काय मागायचं, ते पाचव्या टप्प्यात.

*तपासा:* शेवटची तारीख ‘मध्यरात्री’ आहे की ‘संध्याकाळी ५’? ऑनलाइन फॉर्म आणि ईमेल या दोन्हींची मुदत एकच आहे का? या दोन प्रश्नांपायी चांगली उत्तरं वाया गेलेली पाहिली आहेत.

टप्पा ३. मसुदा कसा वाचायचा

साठ-सत्तर पानं पहिल्यापासून वाचू नका. पहिली दहा-बारा पानं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात: काउन्सिलची ओळख, लोकसंख्या, कायद्याचा सारांश. जुनं आणि नवं धोरण शेजारी ठेवा आणि फरक शोधा. बरीच काउन्सिलं बदलांचा तक्ता देतात. नसेल तर मागा. ईमेलवर एका ओळीत मागितला तरी मिळतो.

मग एक कागद घेऊन तीन रकाने आखा. पहिल्यात परिच्छेदाचा क्रमांक. दुसऱ्यात तिथली क्रियापदं. तिसऱ्यात तुमच्यावर होणारा परिणाम. क्रियापदांचा रकाना ही चेष्टा नाही. धोरणात ‘विचार करावा’, ‘अपेक्षा आहे’, ‘सामान्यतः नाकारला जाईल’ या तिन्हींचं वजन वेगवेगळं असतं. मागच्या वेळी ‘अपेक्षा आहे’ होतं आणि आता ‘प्रोत्साहन दिलं जाईल’ झालं असेल, तर कलम जागेवर राहूनही त्यातला दम गेलेला असतो. असे बदल तक्त्यात ‘भाषेतील सुधारणा’ या नावाखाली येतात.

पुढच्या जागी हमखास थांबा: वेगवेगळ्या भागांसाठीच्या वेळांचा तक्ता, बाहेर बसण्याच्या जागा, गर्दी पांगवण्याची व्यवस्था, दारूची घरपोच विक्री, रात्री उशिराचं गरम खाणं, आणि काउन्सिलच्या स्वतःच्या बागा-मैदानांवरचे कार्यक्रम.

या सगळ्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण रहिवाशांचा सर्वात मोठा गैरसमज तिथेच आहे. नव्या परवान्याच्या अर्जाविरुद्ध मुदतीत कोणाचीच ग्राह्य हरकत आली नाही, तर काउन्सिलला तो मंजूर करावाच लागतो, मग धोरणात काहीही लिहिलेलं असो. क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्टच्या भागातही हाच नियम आहे. म्हणजे धोरण हा कुंपणाचा गडगा नाही, की एकदा घातला आणि झोपलो. ते दोन ठिकाणी उपयोगी पडतं: अर्जदार स्वतःहून कोणत्या अटी लिहून देतो, आणि हरकत आल्यावर तीन नगरसेवकांची उपसमिती कशाकडे बोट दाखवून निर्णय देते. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला हेच दोन प्रश्न विचारा. अर्जदार हे वाचून काही वेगळं करेल का? उपसमितीला याचा आधार घेता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या वाक्यावर शाई खर्च करू नका.

टप्पा ४. मुद्दा चारपैकी एका उद्दिष्टात बसवा

कायद्यात परवान्यांची चार उद्दिष्टं आहेत: गुन्हे आणि बेशिस्त रोखणं, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांचं अपायापासून रक्षण. यापलीकडे पाचवं नाही. ‘हे चुकीचं आहे’ हे कितीही खरं असलं, तरी यांतल्या एकात बसत नसेल तर ते धोरणात येऊ शकत नाही.

आपल्याकडून सर्वाधिक जाणारे आणि बाद होणारे मुद्दे पाहू.

‘दारूनं यकृत खराब होतं.’ सार्वजनिक आरोग्य हे इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याचं उद्दिष्ट नाही. स्कॉटलंडमध्ये आहे, म्हणून तिथला नमुना इथे चालत नाही. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ म्हणजे त्या जागेत आलेल्या माणसांची शारीरिक सुरक्षितता: जिने, गर्दी, आग, फुटलेले ग्लास. तिचा अर्थ ताणून आरोग्यापर्यंत नेऊ नका. आरोग्याची आकडेवारी वापरायचीच असेल तर ती दुसऱ्या उद्दिष्टाला जोडा. शनिवारी रात्री मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या हा गुन्ह्यांचा मुद्दा होतो.

‘आमच्या रस्त्यावर आधीच चार दुकानं आहेत, पाचव्याची गरज काय?’ गरज आणि धंद्याची स्पर्धा हा परवान्याचा विषय नाही. हाच मुद्दा वेगळ्या तऱ्हेनं मांडता येतो: चार दुकानांमुळे रात्री अकरानंतर अमुक चौकात गर्दी साचते, त्यातून तमुक त्रास होतो, म्हणून या भागाचं क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्टच्या दृष्टीनं मूल्यमापन व्हावं. गरज गेली, परिणाम आला.

‘पार्किंग मिळत नाही, घरांच्या किमती पडतात.’ किमतींचं विसरा. पार्किंग मुख्यतः प्लॅनिंगचा विषय आहे. मात्र मध्यरात्री गाड्यांची दारं आपटणं आणि इंजिनं चालू ठेवणं हा आवाजाचा, म्हणजे उपद्रवाचा मुद्दा आहे.

‘पिऊन लोक स्टेशनपर्यंत आरडाओरडा करत जातात.’ जागेच्या लगतच्या परिसरापलीकडे माणसं कशी वागतात याची जबाबदारी त्यांची स्वतःची, असं सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामुळे स्टेशनबद्दल लिहू नका, दाराबद्दल लिहा. शेवटच्या अर्ध्या तासात संगीत कमी करणं, दारावर माणूस ठेवणं, टॅक्सीची व्यवस्था यांचा लेखी आराखडा अर्जासोबत असावा, ही मागणी बसते.

‘रात्री नऊनंतर गाणं-बजावणं बंद करा.’ हे धोरण करूच शकत नाही. दारू पिण्याची परवानगी असलेल्या जागेत, ५०० पर्यंत प्रेक्षक असतील तर, सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत स्पीकरवरच्या जिवंत संगीताला वेगळा परवाना लागत नाही, आणि त्या वेळेत संगीतावर घातलेल्या अटीही सहसा लागू होत नाहीत. त्रास सिद्ध झाला तर रिव्ह्यूमध्ये हे बदलता येतं, धोरणातून नाही. तुमचं भांडण अकरानंतरच्या वेळेशी असू द्या.

*तपासा:* तुमच्या प्रत्येक मुद्द्यापुढे उद्दिष्टाचं नाव लिहा. ज्याच्यापुढे लिहिता येत नाही तो खोडा. दहातले चार उरले तरी हरकत नाही. चार भक्कम मुद्द्यांचं उत्तर दहा मिश्र मुद्द्यांपेक्षा वजनदार असतं, कारण अधिकाऱ्याला सहा वेळा ‘कक्षेबाहेर’ लिहिण्याची संधी मिळत नाही.

मंडळं आणि रेस्टॉरंटवाल्यांसाठी, जाता जाता

‘आमच्या कार्यक्रमात दारू नसते, मग आमचा काय संबंध?’ संबंध आहे. हा कायदा दारूइतकाच करमणुकीला आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत विकल्या जाणाऱ्या गरम खाण्यापिण्यालाही लागू आहे. साडेअकराला गरम वडापाव आणि चहा विकणाऱ्या हॉटेलाला परवाना लागतो, बाटली एकही नसली तरी.

दुसऱ्या बाजूला, मंडळं ज्याची भीती बाळगतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींना परवाना लागतच नाही. सार्वजनिक प्रार्थनास्थळातली करमणूक, किंवा धार्मिक विधीचा भाग असलेली, कायद्यातून वगळलेली आहे. मंदिरातली आरती आणि भजन सुरक्षित आहेत. ढोल-ताशाला स्पीकर लागत नाही, त्यामुळे सकाळी ८ ते रात्री ११ मध्ये त्याला करमणुकीचा परवाना नको, ऐकणारे कितीही असोत. चालत्या वाहनावरचं संगीतही वगळलेलं आहे. आवाजाच्या उपद्रवाचा कायदा आणि रस्ता बंद करण्याची परवानगी मात्र राहतेच, ती या धोरणाबाहेरची.

सर्वात जास्त वापर होतो तो तात्पुरत्या कार्यक्रमाच्या नोटिशीचा, म्हणजे ‘टेम्पररी इव्हेंट नोटीस’चा, थोडक्यात ‘टेन’चा. शुल्क २१ पाउंड, १० पूर्ण कामकाजाच्या दिवसांची आगाऊ सूचना, एका वेळी ४९९ पेक्षा जास्त माणसं नाहीत, आणि या ४९९ मध्ये तुमचे स्वयंसेवक, वाढपी, वादक सगळे धरायचे. कालावधी जास्तीत जास्त १६८ तास. हे आकडे कायद्यातले आहेत, काउन्सिल ते बदलू शकत नाही, म्हणून ‘टेनची मर्यादा वाढवा’ अशी सूचना पाठवणं म्हणजे पोस्टमनकडे पगारवाढ मागणं.

मागायचं ते हे: काउन्सिलनं आपल्या बागा आणि मैदानांसाठी स्वतःच्या नावावर परवाना घ्यावा, म्हणजे दर वर्षी प्रत्येक मंडळाला वेगळा अर्ज करावा लागणार नाही. सरकारी सूचनाही याला अनुकूल आहेत. आणि समुदायांच्या सण-उत्सवांबद्दल धोरणात एक स्वतंत्र परिच्छेद असावा: सल्ला कोणाकडून घ्यायचा, सुरक्षा सल्लागार गटाकडे (कार्यक्रमांच्या सुरक्षेवर सल्ला देणारा काउन्सिल, पोलिस वगैरेंचा गट) किती आठवडे आधी जायचं. समानतेच्या कायद्याखालचं मूल्यमापन अनेकदा मसुद्यासोबत जोडलेलं असतं, तेही वाचा. सण-उत्सवांचा त्यात उल्लेखच नसेल, तर तुमच्या परिच्छेदाला तिथे पाय ठेवायला जागा मिळते.

टप्पा ५. पुरावा

पहिल्या आठवड्यात टाकलेल्या एफओआयमध्ये मागायचं: गेल्या दोन-तीन वर्षांतल्या आवाजाच्या तक्रारी, रस्त्यानिहाय, महिन्यानिहाय आणि शक्य असल्यास तासानिहाय, परवानाधारक जागांना दिलेल्या भेटी आणि इशारे, आलेल्या टेन नोटिशींची संख्या. तक्रारदारांची नावं मागू नका, अर्ज अडकतो. कोणाकडे किती वाजेपर्यंतचा परवाना आहे, हे एफओआयनं मागायची गरज नाही. परवान्यांची नोंदवही सार्वजनिक असते. गुन्ह्यांचा रस्त्यापर्यंतचा नकाशा पोलिसांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर मिळतो.

त्यानंतर तुमची स्वतःची वही. तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, काय ऐकू आलं, घरात कुठे ऐकू आलं, परिणाम काय. ‘भयंकर आवाज’ असं लिहू नका. ‘बंद खिडकीतून मागच्या खोलीत गाण्याचे शब्द कळत होते, मूल जागं झालं’ असं लिहा. शांत रात्रीही नोंदवा. चौदापैकी पाच रात्री त्रास झाला असं दाखवणारी वही, रोजच त्रास म्हणणाऱ्या वहीपेक्षा जास्त पटते.

*सावधान:* लोकांचे फोटो, गाड्यांचे क्रमांक, कर्मचाऱ्यांची नावं नकोत. उत्तरं प्रसिद्ध होऊ शकतात, आणि एखाद्या दुकानदाराचं नाव घेऊन केलेला आरोप उलटू शकतो.

टप्पा ६. आता लिहा

उत्तर इंग्रजीतून पाठवायचं आहे, पण आधी मराठीत विचार करून लिहिलंत तर मुद्दे सुटसुटीत राहतात, असा माझा अनुभव. प्रत्येक मुद्दा चार वाक्यांत: कोणता परिच्छेद, काय अडचण, पुरावा काय, त्याजागी कोणते शब्द हवेत. चौथं वाक्य जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि अधिकाऱ्याला हवं असतं ते तेच. तयार वाक्य दिलंत तर त्याला फक्त स्वीकारायचं किंवा नाकारण्याचं कारण द्यायचं असतं.

कच्चं उत्तर असं असतं:

‘आमच्या रस्त्यावर रात्री फार गोंधळ असतो. पब लवकर बंद करावेत.’

तेच पक्कं करू. परिच्छेद आणि आकडे केवळ नमुन्यापुरते.

‘परिच्छेद ७.४ मध्ये बाहेर बसण्याच्या जागांसाठी वेळ दिलेली नाही. आमच्या रस्त्यावर अशा अंगणांपासून झोपण्याच्या खोल्या काही फुटांवर आहेत. मे ते जुलै या काळात सहा घरांनी ठेवलेल्या नोंदींनुसार २२ रात्री दहानंतर बोलणं आणि खुर्च्यांचा आवाज बंद खिडकीतून ऐकू आला. नोंदी सोबत जोडल्या आहेत. सार्वजनिक उपद्रव टाळण्यासाठी हे वाक्य जोडावं: “घरांलगतच्या बाहेरच्या जागा रात्री १० नंतर वापरात नसतील, असं अर्जदारानं अर्जात नमूद करावं अशी अपेक्षा आहे. वेगळी वेळ हवी असल्यास आवाज कसा रोखणार, ते त्यानं सांगावं.”’

या वाक्यात सरसकट बंदी नाही, हे मुद्दाम. प्रत्येक अर्जाचा त्याच्या गुणदोषांवर विचार करणं काउन्सिलवर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘कोणालाही कधीही नाही’ असं वाक्य वकील काढून टाकतो. अपवादाला दार ठेवणारं वाक्य टिकतं.

मसुद्यात जे चांगलं आहे त्याबद्दलही लिहा. पब आणि दुकानांच्या संघटना वकील लावून नेमकी तीच कलमं पातळ करायला सांगतात. तुमच्या पाठिंब्याची नोंद नसेल तर अहवालात फक्त त्यांचंच मत दिसतं.

*तपासा:* एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला द्या आणि विचारा, ‘मी काय बदलायला सांगतोय?’ त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर पुन्हा लिहा.

टप्पा ७. पाठवणं

ऑनलाइन फॉर्म ‘सहमत’, ‘असहमत’च्या गोळ्यांनी भरलेला असतो. तो भरा, पण त्यावर थांबू नका. त्यात कारण लिहायला अनेकदा मोजकीच अक्षरं मिळतात. सविस्तर उत्तर ईमेलनं स्वतंत्र पाठवा आणि फॉर्ममध्ये त्याचा उल्लेख करा. पोच मागा, जपून ठेवा.

आता सह्यांच्या मोहिमेबद्दल. गावाकडची सवय आहे, शंभर सह्या गोळा केल्या की काम होतं. इथे एकाच मजकुराखालच्या शंभर सह्या बहुतेक वेळा एक मुद्दा म्हणून नोंदल्या जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तयार मजकूर चाळीस जणांनी जसाच्या तसा पाठवला तरी तीच गत. त्यापेक्षा आठ घरांनी आपापल्या रस्त्याबद्दल, आपापल्या शब्दांत लिहिलेली आठ उत्तरं चांगली. मंडळाचं उत्तर मंडळाच्या नावानं एक पाठवा, आणि त्यात सभासद किती, कार्यक्रम कुठे, किती लोक येतात हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. ज्यांचं म्हणणं घ्यायलाच हवं अशांच्या यादीत रहिवाशांचे आणि धंद्यांचे प्रतिनिधी आहेत. तुम्ही कोणाचे प्रतिनिधी, ते स्पष्ट असू द्या.

संख्येवर विसंबून राहू नका, याचं उदाहरण लंडनमधल्या हॅकनीचं. २०१८ मध्ये तिथल्या काउन्सिलनं नव्या जागांसाठी वेळा कडक करणारं धोरण आणलं. उत्तर देणाऱ्यांपैकी बहुसंख्य विरोधात होते, तरी धोरण मंजूर झालं. हे मतदान नव्हे.

टप्पा ८. उत्तर गेल्यानंतर

इथे लोक हात झटकून मोकळे होतात. खरं तर अर्धं काम बाकी असतं.

अधिकारी सगळ्या उत्तरांचा तक्ता करतात: मुद्दा, त्यावर त्यांचं म्हणणं, बदल केला की नाही. तो लायसन्सिंग समितीपुढे जातो. मंजुरी मात्र समिती देऊ शकत नाही, ती सर्व नगरसेवकांच्या पूर्ण सभेतच व्हावी लागते. इंग्लंडमध्ये सभेचे कागद किमान पाच कामकाजाचे दिवस आधी प्रसिद्ध करावे लागतात. त्या पाच दिवसांत आपला मुद्दा शोधा. चुकीचा मांडला असेल किंवा गाळला असेल, तर त्याच दिवशी अधिकाऱ्याला आणि तुमच्या वॉर्डच्या नगरसेवकांना लिहा, दोन परिच्छेदांपेक्षा जास्त नको. सभेत प्रश्न विचारायचा असेल तर त्याची आगाऊ नोटीस किती दिवसांची, ते काउन्सिलच्या नियमांत असतं.

प्रक्रियाच चुकली असं वाटत असेल तर मोजमाप तयार आहे. १९८५ च्या ब्रेंट काउन्सिलविरुद्धच्या गनिंग खटल्यातून चार कसोट्या आल्या: निर्णय आधीच ठरलेला नसावा, लोकांना नीट मत देता येईल एवढी कारणं द्यावीत, पुरेसा वेळ द्यावा, आणि आलेल्या उत्तरांचा प्रामाणिकपणे विचार व्हावा. २०१४ मध्ये हॅरिंगे काउन्सिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कसोट्यांवर शिक्कामोर्तब केलं. तक्रार काउन्सिलच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे (काउन्सिलचा कारभार कायद्यानुसार चालतो का, हे पाहणारा अधिकारी) या चार कसोट्यांच्या भाषेत करा. ‘आमचं ऐकलं नाही’पेक्षा ‘दुसऱ्या कसोटीत बसत नाही’ याला उत्तर द्यावं लागतं. न्यायालयात जायचं तर तातडीनं, आणि काहीही झालं तरी तीन महिन्यांच्या आत. ते खर्चिक आहे. मी कोणाला सहज सुचवणार नाही.

*सावधान:* तुमचं वाक्य स्वीकारलं गेलं, तरी छापलेल्या अंतिम धोरणात ते नेमकं कसं उतरलं ते पाहा. ‘अपेक्षा आहे’चं ‘प्रोत्साहन’ इथेही होऊ शकतं.

मंजूर धोरणाची पीडीएफ उतरवून ठेवा, तुमच्या कामाच्या परिच्छेदांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी रस्त्यातल्या इतर घरांना द्या. पुढच्या वेळी काचेवर निळा कागद दिसला की अर्जाची सुरुवात कधी झाली ते बघून अठ्ठावीस दिवस मोजायचे, आणि हरकतीच्या पहिल्याच ओळीत तो क्रमांक टाकायचा.